पत्रिकेतली तारीख

मराठी कागद आला की आमच्या ऑफिसात तो कुणी न विचारता माझ्या टेबलावर आणून ठेवतं. न्यू जर्सीत, एडिसनला इमिग्रेशन वकिलाचं हे छोटं ऑफिस; मॅडम गुजराती, मी पॅरालीगल. भाषांतराला नोटरी वगैरे लागत नाही. ‘दोन्ही भाषा मला येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे’ एवढं लिहून खाली सही केली की झालं. त्या सहीचा मला जरा अभिमानच आहे. ‘चि. सौ. कां.’चं इंग्रजी करून बघा, मग कळेल का ते.

२०२४ च्या फेब्रुवारीत एक गृहस्थ आले. ग्रीन कार्ड झालेलं, बायको कराडजवळच्या गावी. बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही, पण ते एच-वन या नोकरीच्या व्हिसावरच राहिले असते तर बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर केव्हाच इथे आली असती. ग्रीन कार्ड आलं आणि ती वाट बंद झाली. नागरिकाच्या जोडीदाराला कोट्याची रांग नाही. ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला एफ-टू-ए नावाच्या रांगेत उभं राहावं लागतं. तोवर टुरिस्ट व्हिसा काढावा, तर ‘ही परत जाणार नाही’ म्हणून नकार. तो त्यांच्या बायकोला मिळून चुकला होता.

एके काळी ही रांग रांग नव्हतीच. २०१९ च्या जुलैपासून जवळजवळ चार वर्षं, कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये तिच्यापुढे ‘सी’ असायचा, म्हणजे सगळ्यांचीच तारीख लागलेली. एप्रिल २०२३ ला ती एकदम ८ सप्टेंबर २०२० वर गेली, पुढे आणखी मागे. यांचा बायकोसाठीचा अर्ज जानेवारी २०२३ चा. हे आले तेव्हा रांगेत फेब्रुवारी २०२० चालू होता.

फाइल उघडली. फॉर्म कुणा ओळखीच्या ‘भरून देणाऱ्या’ने भरलेला. या लोकांबद्दल बोलायला बसले तर हा लेख संपायचा नाही. लग्नाची तारीख लिहिली होती जानेवारी २०२३. सोबत ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला, नमुना ‘ई’. त्यात तारखा दोन असतात, एक लग्न लागल्याची, एक नोंदणीची, आणि घाईत वाचणारा शिक्क्याजवळची उचलतो. शिक्का जानेवारीचाच होता. वर, निळ्या शाईत, थोडं फुटलेलं: मे २०२२. मी पत्रिका मागवली. वैशाखातलं लग्न, गोरज मुहूर्त, खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’

आणि ग्रीन कार्डावरची तारीख सप्टेंबर २०२२.

हिंदू विवाह कायद्यात सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं. नोंदणी नंतर का होईना. म्हणजे कार्ड मिळालं तेव्हा हे विवाहित होते. आणि लग्न कार्डाच्या आधीचं असलं, तर बायको नवऱ्याच्याच नोकरीच्या केसवर, रांगेतल्या त्याच्याच जुन्या तारखेवर मागून येऊ शकते. एफ-टू-एची गरजच नाही! माझ्या अंगावर काटा आला.

इथे मी चुकले. मॅडम कोर्टात होत्या. गृहस्थांनी बायकोला व्हिडिओ कॉल लावला होता, तिकडे रात्रीचे साडेदहा. मी बोलून बसले, ‘अहो, तुम्ही बहुतेक चुकीच्या रांगेत उभ्या आहात.’

‘म्हणजे ताई, लवकर होईल?’

‘बहुतेक.’

मागून सासूबाई विचारत होत्या, ‘काय म्हणतायत गं त्या?’

मॅडम तीनला आल्या. दोनच प्रश्न विचारले. लग्न झाल्याचं इमिग्रेशन खात्याला कळवलं होतं? नव्हतं. २०२० मध्ये ग्रीन कार्डाचा अर्ज भरला तेव्हा हे अविवाहित, पुढे मुलाखत झालीच नाही, कुणी विचारलं नाही. आणि नवऱ्याची रांगेतली मूळ तारीख? मार्च २०१४. मॅडमनी बुलेटिन माझ्यापुढे सरकवलं. सप्टेंबर २०२२ ला भारताची ईबी-टूची, म्हणजे यांच्या नोकरीच्या रांगेची, तारीख १ डिसेंबर २०१४ होती, म्हणून तर यांचं कार्ड आलं. ऑक्टोबरात ती १ एप्रिल २०१२ वर गेली, आणि आजही २०१२ च्या मार्चवर होती. मागून येणाऱ्या बायकोलाही नवऱ्याची तारीख चालू असावी लागते. नोकरीच्या रांगेत देशागणिक मर्यादा आहे, म्हणून भारतीयांची ती रांग मुंगीच्या पावलाने सरकते. एफ-टू-एमधल्या तीन चतुर्थांश व्हिशांना देशाची मर्यादाच नाही. मी जिला चुकीची म्हणाले होते, तीच बरी रांग होती.

मॅडम ओरडल्या नाहीत. ‘आधी बुलेटिन, मग तोंड,’ एवढंच म्हणाल्या. नव्या मुलींना मी हेच शिकवते.

उरलं ते नेहमीचं काम. लग्नाची तारीख दुरुस्त करणारं पत्र, न कळवल्याचा खुलासा आणि नागरिकत्वाचा हिशेब: कार्डाला पाच वर्षं होणार सप्टेंबर २०२७ मध्ये, अर्ज नव्वद दिवस आधी करता येतो, शपथ झाली की बायको रांगेबाहेर. मात्र त्या पाच वर्षांतले निम्मे दिवस तरी इथे भरावे लागतात. म्हणजे बायकोला भेटायला जायचं तेही दिवस मोजून.

दुसऱ्या दिवशी फोन मीच केला. तिने सगळं ऐकून घेतलं. सासूबाईंनी रात्रीच ग्रामदेवतेला नारळ बोलला होता, हेही सांगितलं. मग विचारलं, ‘ताई, नोंदणी तेव्हाच केली असती तर?’

नोंदणीला नवरा-बायको आणि तीन साक्षीदार समक्ष लागतात. यांची रजा तीन आठवड्यांची, ग्रामसेवकाकडे दोन गावं. तो भेटेपर्यंत विमानाचा दिवस आला. ग्रीन कार्डाला अजून वर्षं आहेत, पुढच्या खेपेला करू, असं सगळ्यांनाच वाटलं. दाखला हातात असता, तर त्या उन्हाळ्यात एच-फोरवर येऊन सप्टेंबर संपायच्या आत तिला स्वतःचा अर्ज इथूनच भरता आला असता. कागदावर तरी. त्या वर्षी मुंबईत व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळणं हे वेगळंच दिव्य होतं.

‘नाही हो, काही फरक पडला नसता,’ मी म्हणाले.

‘नक्की ना?’

‘नक्की.’

हेही मी मॅडमना विचारलेलं नव्हतं.