कमरेला बांधलेला स्वेटर

डिसेंबर लागला की नाशिककर सकाळी पेपर उघडून आधी निफाडचा आकडा बघतो. राहायला कॉलेज रोडला, पण थंडी सांगणार निफाडची. तिथल्या गहू संशोधन केंद्रातला पारा ५ अंशांच्या खाली गेला की मुंबईच्या पाहुण्यांना फोनवर ते ऐकवताना आमचा आवाज असा लागतो, जणू पारा आम्हीच खाली ओढलाय. द्राक्षवाले बिचारे त्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून जागत असतात, आणि आम्ही रजईत बसून आकडे वाचतो.

मीही त्या आकड्यावर विसंबून कपडे घालायचो. पारा एक अंकी झाला की कपाटातलं सगळं अंगावर. अशाच एका रविवारी पहाटे पांडवलेण्यांकडे, शहराबाहेरच्या डोंगरातल्या जुन्या बौद्ध लेण्यांकडे, निघालो. आत बनियन, त्यावर सुती शर्ट, त्यावर आईने विणलेला बंद गळ्याचा स्वेटर, त्यावर शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटातून घासाघीस करून आणलेलं जाडजूड जॅकेट. शिवाय कानटोपी. पन्नाशी आली तरी दारातून बाहेर पडताना "कान झाक रे" हे ऐकल्याशिवाय माझी स्कूटर सुरू होत नाही.

एवढा जामानिमा करूनही महामार्गाला लागेपर्यंत बोटं बधिर झाली. जॅकेटची चेन अर्ध्यावर अडकते (घासाघीस केल्याचं फळ), आणि स्वेटर कितीही जाड असला तरी त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. सिग्नलला शेजारी एक दूधवाला येऊन थांबला. अंगात साधा शर्ट, पण छातीशी शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी. वारा अडवायला. मी पेपरातला आकडा वाचून निघालो होतो. त्याने पेपरच अंगात घातला होता.

पायऱ्या चढायला लागलो आणि पहिल्याच वळणावर जॅकेट नको झालं. दुसऱ्या वळणावर स्वेटर. बंद गळ्याचा स्वेटर कानटोपी न काढता डोक्यावरून ओढला की काय होतं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. चष्मा आत, कानटोपी आत, हात वर अडकलेले, आणि मागून येणारी कॉलेजची पोरं "काका, मदत करू का?" विचारताहेत. शेवटी स्वेटर कमरेला बांधला, जॅकेट खांद्यावर टाकलं आणि एखाद्या फिरत्या कापडवाल्यासारखा वर पोहोचलो.

खरी फजिती वर झाली. लेण्यांचं तोंड उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात ओसरी सावलीत. घामाने चिंब झालेलं बनियन पाठीला चिकटलेलं. पाच मिनिटं दगडावर टेकलो आणि दात वाजायला लागले. स्कूटरवर नव्हती एवढी थंडी.

बरोबरचा मित्र गेली कित्येक वर्षं गडकिल्ले पालथे घालतोय. तो पायथ्याशी पातळ टीशर्टवर कुडकुडत उभा होता तेव्हा मला त्याची कीव आली होती. वर पोहोचल्यावर त्याने टीशर्ट बदलला, सॅकमधून कोरडा स्वेटर काढून चढवला, आणि हे सगळं थंडी वाजायच्या आत. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "पायथ्याशी जो ऊबदार असतो, तो माथ्यावर गारठतो. तू पारा बघून कपडे घालतोस. पाय काय करणार आहेत ते बघ की!"

म्हणणं खरं होतं. नुसता बसलेला माणूस जुन्या १०० वॉटच्या बल्बाएवढी उष्णता देतो म्हणतात. चढणीला तोच त्याच्या पाच-सहा पट तापतो. ती उष्णता कोंडली की घाम येतो. सूत तो घाम पिऊन बसतं, आणि तो वाळताना अंगातली ऊब घेऊन जातो. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते. आपल्याकडच्या धनगराला हे कुणी शिकवावं लागलं नाही. भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन तो मेंढरांमागे उभा असतोच.

पाठ शेकायला ऊन शोधत दहाव्या लेण्यापर्यंत आलो. तिथे त्या काळचा राजा नहपान क्षत्रप याचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघटनेकडे, २,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) ठेव ठेवली, व्याज दरमहा शेकडा एक. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून इथे वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापणं द्यायची. मी कुडकुडत हिशेब केला. वर्षाचं व्याज २४०. वीस बारं दोनशे चाळीस. पै न पै जुळते. आणि ते गोवर्धन म्हणजे आमच्या गंगापूर रोडवरचंच गाव. माझ्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर कुणीतरी या डोंगरावरच्या माणसांची वस्त्रं विणत होतं, आणि मी तिथूनच इथे येऊन ओल्या बनियनमध्ये काकडत होतो.

त्या चीवरांची गोष्ट विनयपिटकात, बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. हिवाळ्यातल्या एका रात्री बुद्ध उघड्यावर बसले. पहिल्या प्रहरी एक वस्त्र पुरलं. मग थंडी वाजली, दुसरं घेतलं. पुढे तिसरं, पहाटे चौथं. त्यावरून भिक्षूंना तीन चीवरांची मर्यादा घालून दिली. त्यातली सगळ्यात वरची संघाटी मात्र दुहेरी. म्हणजे मोजायचं म्हटलं तर चारच झाली की! मला त्यात आवडतं ते एवढंच, की सगळी वस्त्रं संध्याकाळीच गुंडाळून ते बसले नाहीत. वाजेल तसं एकेक घेत गेले. ते बसून होते म्हणून चढवत गेले. मला चढायचं होतं, तर उलट्या क्रमाने उतरवायला हवं होतं, आणि तेही घाम फुटायच्या आधी.

आता मी क्रिकेटवाली पोरं घालतात तसला झटकन वाळणारा टीशर्ट घालतो. स्कूटरपुरतं पातळ विंडचीटर; पायऱ्यांपाशी ते सॅकमध्ये जातं. सॅकमध्ये दुसरा टीशर्ट आणि स्वेटर. पायथ्याशी पाच मिनिटं काकडतो आणि कापडांत गुंडाळून आलेल्या लोकांकडे मित्राच्या नजरेने बघतो. हा शिष्टपणा वाईट आहे, पण सुटत नाही. उतरल्यावर मिसळीच्या दुसऱ्या रश्श्याला मात्र टीशर्टही जास्तच वाटतो. त्याला इलाज नाही.

आईला म्हटलं, "तो बंद गळ्याचा उसवून पुढून बटणांचा विणून देशील का? पटकन काढता येईल असा."

"काढायचाच असेल तर घालतोस कशाला?" ती म्हणाली. पण विणला. काखेखाली थोडी जागाही सोडली, न सांगता. गळ्याची लोकर उरली, तिची आणखी एक कानटोपी झाली.