तुम्ही विचारलेत म्हणून: केबल चांदीची की तांब्याची?

कोपरीतील आमच्या घरी गाणे ऐकायला आलेले स्नेही निघताना एक प्रश्न हमखास विचारतात: ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची केबल चांदीची घ्यावी की तांब्याची? दारात उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून येथे सविस्तर लिहितो. माझे उत्तर तांबे हे आहे, आणि ते केवळ काटकसरीपोटी दिलेले नाही.

चांदी हा विजेचा सर्वोत्तम वाहक धातू आहे, हे खरेच. परंतु तांब्याहून ती सरस ठरते ती जेमतेम ५ ते ६ टक्क्यांनी. स्पीकर ३ मीटरवर असेल, तर अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे ०.०४ ओहम भरतो आणि तेवढ्याच जाडीच्या चांदीने त्यातला ०.००२ ओहम वाचतो. एवढ्यासाठी दोन स्पीकरना मिळून ३०० ग्रॅमहून अधिक चांदी लागते. तांब्याची तार किंचित जाड घेतली, तरी तोच लाभ पदरात पडतो. शिवाय ज्या स्पीकरची व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी आतली तारेची गुंडाळी, तांब्याची आहे, तेथे ती १५ अंशांनी तापली, तरी तिचा स्वतःचा रोध जवळपास ६ टक्क्यांनी वाढतो. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ही वाढ चांदीने वाचवलेल्या रोधाच्या शंभरपटीहून अधिक असते.

आकड्यांवर विसंबून न राहता मी कानांनीही पडताळून पाहिले आहे. एका मित्राने चांदीची केबल आठवडाभर वापरायला दिली होती. मी पाठ करून बसलो आणि पत्नीने मला न सांगता केबल बदलून तानपुऱ्याचा तोच तुकडा बारा वेळा लावला, कारण जवारीत, म्हणजे तारांच्या त्या गुंजारवात, जरा फरक पडला तरी तो मला जाणवतो, असा माझा अनुभव आहे. बारापैकी सात वेळा माझे उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून आले असते तितकेच.

आवाजात खरा फरक मी एकदाच ऐकला. पावसाळ्याच्या अखेरीस डावा स्पीकर मधूनच खरखरू लागला. टर्मिनल सैल करून पाहिले, तर तारेचे टोक काळपट तपकिरी पडले होते. अर्धा इंच कापून, नवे टोक सोलून, पीळ देऊन घट्ट आवळले आणि खरखर थांबली. आमच्या खाडीकाठच्या हवेत चांदीही सुटत नाही. देव्हाऱ्यातले निरांजन घासून ठेवले, तरी काही आठवड्यांत काळे पडते. तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास मी सगळी टोके उघडून पाहतो.

चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याबद्दलही विचारणा होते. हा मुलामा काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा असतो, तर २० किलोहर्ट्झलाही, म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच स्वरालाही, प्रवाह तांब्यात सुमारे अर्धा मिलिमीटर खोल शिरतो. त्यामुळे बहुतेक सगळा प्रवाह तांब्यातूनच जातो.

सावध राहायचे ते तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेपासून, कारण स्वस्त स्पीकर केबल म्हणून ती सर्रास विकली जाते. तिचा रोध तांब्याच्या दीडपट भरतो, म्हणजे येथे फरक ५ टक्क्यांचा राहत नाही. घेण्यापूर्वी टोकाचा एक धागा ब्लेडने खरवडून पाहा; आतून पांढरा निघाला, तर ती केबल घेऊ नका.