रुग्ण वाढले म्हणजे कार्यक्रम फसला का?

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांचे आकडे चढले की हा प्रश्न हमखास येतो. एवढी औषधं वाटली, दवाखाने उघडले, तरी रुग्ण वाढलेच ना? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नुसत्या त्या आकड्यावरून आजार रोखण्याचा कार्यक्रम फसला की नाही, हे कळतच नाही. क्लॅमिडिया हा त्यातलाच एक आजार, आणि तो झालेल्या बहुतेक बायकांना काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे जास्त जणींना तपासलं की जास्त लागणी सापडणारच. आधी विचारायचं ते हे, की किती जणांना तपासलं आणि कोणाला. त्रास होतोय म्हणून आलेल्यांनाच तपासलं तर पॉझिटिव्हची टक्केवारी फुगते. सरसकट तपासणी सुरू केली की ती उतरते, आजार मात्र तेवढाच असतो.

गरोदरपणातला सिफिलिस घ्या, हाही त्यातलाच एक आजार, आणि तो आईकडून बाळाला होऊ शकतो. समजा, २० जणींना लागण आहे. त्यातल्या १८ जणी तपासल्या गेल्या, १५ जणींच्या हातात रिपोर्ट पडला, १२ जणींना त्यावरचं इंजेक्शन, बेंझाथिन पेनिसिलिन, मिळालं आणि त्यातल्या १० जणींनाच ते बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी मिळालं. अहवालात ‘उपचार ८० टक्के’ असं बिनदिक्कत छापता येतं, कारण १५ पैकी १२. भागायचं असतं २० ने, आणि वेळेत मिळालेला उपचार तर निम्माच निघतो. रिपोर्टसाठी दुसऱ्या दिवशी बोलावलं, म्हणून मधल्या ३ जणी गळाल्या असतील, तर बोटातल्या थेंबभर रक्तावर तिथल्या तिथे होणारी चाचणी ती गळती थांबवते.

त्या झटपट चाचणीची एक खोड आहे. ती ज्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, पकडते, त्या उपचारानंतरही बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. जुना, पूर्ण बरा झालेला सिफिलिससुद्धा पॉझिटिव्हच दिसतो आणि ‘नवीन रुग्ण’ म्हणून नोंदवहीत चढतो. औषध लागू पडलं का, हे तिच्यावरून कधीच कळत नाही. त्यासाठी आरपीआर किंवा व्हीडीआरएल या रक्तचाचण्यांचा टायटर लागतो, म्हणजे रक्त किती पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा. रक्त दुप्पट-दुप्पट पातळ करत नेतात, म्हणून १:३२ वरून १:१६ ही एकच पायरी झाली. एवढा फरक एकच नमुना दोनदा तपासला तरी पडू शकतो. १:८ म्हणजे दोन पायऱ्या, चौपट घट. ती सुरुवातीच्या सिफिलिसमध्ये साधारण ६ ते १२ महिन्यांत दिसायला हवी. पहिला नमुना इंजेक्शनच्या दिवशीच घ्यायचा, आणि पुढचे नमुने त्याच चाचणीने, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. आधी व्हीडीआरएल आणि नंतर आरपीआर असं केलं की तुलना गेली.

गनोरियाची, म्हणजे परम्याची, गोष्ट वेगळी. तिथे औषधच निकामी होत जातं, आणि एखादं औषध ५ टक्के किंवा जास्त नमुन्यांत हरू लागलं की ते पहिल्या पसंतीतून काढावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत आहे. हे कळायला जिवंत जंतू वाढवावा लागतो. तो फार नाजूक: स्वॅब वाळला, फ्रिजमध्ये ठेवला, पोचायला उशीर झाला, की मेला. जंतूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी मेलेला जंतूही ओळखते, म्हणून सगळ्या प्रयोगशाळा खुशीने तिकडे वळतात. निदान सुधारतं, पण कुठलं औषध चालेल हे सांगणारे नमुने आटतात. थोड्या तरी केंद्रांवर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून तपासणं, चालू ठेवायलाच हवं, त्यात काटकसर मला अजिबात पटत नाही.

नॅटचा हाच गुण क्लॅमिडियात उलटा पडतो. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस दिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा तपासलं, तर मेलेल्या जंतूंचे अवशेष पॉझिटिव्ह येतात आणि चांगल्या औषधावर अपयशाचा शिक्का बसतो. निदान ४ आठवडे थांबायचं. ३ महिन्यांनी पुन्हा तपासायचं ते वेगळ्या कारणासाठी, नव्याने लागण झाली का हे पाहायला. तेव्हा पॉझिटिव्ह आलं तर औषधाला दोष देण्याआधी नोंदवही उघडा. ‘जोडीदाराला कळवायला सांगितलं’ या रकान्यात बरोबरची खूण असते. ‘जोडीदाराने औषध घेतलं’ हा रकाना आहे का, आणि असला तर भरलाय का, ते पाहा.