पिवळा ठिपका : आमच्या गॅरेजची वाटचाल

पोरगी मागं लागली, "पप्पा, गॅरेजला 20 वर्षं झाली, काहीतरी लिहा की. सगळे लिहितात." म्हटलं, मी लिहायला बसलो तर दोघातिघांना झोंबणार. "मग नावं घालू नका," म्हणाली. म्हणून नावं नाहीत. ज्याला कळायचं त्याला कळेल.

2004 साली कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात सुरुवात केली. गाळा माझा नव्हता, लेथवाल्या मामांचा. नात्यानं मामा नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. त्यांच्या लेथच्या मागं दहा बाय बाराची जागा पडून होती, ती मला दिली. भाडं ठरलं नाही, कागद झाला नाही. "चार गाड्या झाल्या की एकीचे पैसे माझे," एवढंच बोलणं. ते शेवटपर्यंत पाळलं. दोघांनीही.

तेव्हा आमच्याकडं बिडाच्या इंजिनच्या बुलेटच यायच्या. उजव्या पायात गियर, डाव्या पायात ब्रेक. अँपिअर मीटरचा काटा मधे आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबून किक जराशी खाली सरकवायची आणि मग अंग टाकून मारायची. ज्याला हे जमत नव्हतं त्याची पोटरी सुजायची. त्या बुलेटचा क्लच सेंटर, म्हणजे क्लचचा मधला भाग, शाफ्टवर असा घट्ट बसतो की पुलरशिवाय, म्हणजे ओढून काढायच्या हत्याराशिवाय, निघत नाही, आणि तेव्हा बाजारात मिळणारा पुलर तिसऱ्या गाडीला आटे सोडून द्यायचा. मी छिन्नी-हातोडा घेतलेला मामांनी एकदा बघितला. काही बोलले नाहीत. ईएन 24 पोलादाचा एक तुकडा चकमध्ये बांधला आणि दोन संध्याकाळी बसून पुलर केला. बारीक आटे, मधे बोल्ट, आणि बोल्टच्या टोकाला बेअरिंगमधली एक गोळी बसवलेली, म्हणजे शाफ्टचं तोंड खराब होत नाही. आजपर्यंत त्याचा एक आटा गेलेला नाही. पुढं कंपनीचे टूल घेतले, टॉर्क पाना घेतला, डायल गेज घेतला. पण गॅरेजची खरी मालमत्ता कुठली विचाराल तर तो पुलर.

2009 च्या सुमारास नवीन युसीई इंजिन आलं, इंजिन आणि गियरबॉक्स एकाच खोक्यात, आणि आमच्यासारख्यांना परत शाळेत बसावं लागलं. त्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, वाल्वची फट ऑइलच्या दाबानं आपोआप जुळते. सेट करायचा प्रश्नच नाही. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर काही सेकंद टकटक येते, ऑइल चढलं की बंद होते. तरी आजही गावात "टॅपेट सेट केले" म्हणून 200 रुपये घेणारे मिस्त्री आहेत. असा मिस्त्री भेटला तर भांडू नका, फक्त गाडी उचला.

2012 ला जागा पुरेना म्हणून शाहूपुरीत कुंभार गल्लीकडं गेलो. मधल्या काळात लग्न झालं, पोरगी झाली, 2014 ला मामा गेले. गाड्या आल्या, गेल्या. एक पोरगा कामाला आला, 17 वर्षांचा, पाना कुठल्या हातात धरायचा इथून शिकवला. सहा वर्षं राहिला. हात चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू.

शाहूपुरीतला गाळा घेताना मालकानं भिंतीवरची खूण दाखवली होती. "2005 चा पूर इथपर्यंत. याच्या वर पंचगंगा येत नाही." त्या खुणेच्या वर दीड फूट फळ्या मारून मी सामान ठेवलं होतं. स्वतःला फार शहाणा समजत होतो.

ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. त्या आठवड्यात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांच्या 14 गाड्या होत्या. रात्री पोटऱ्याएवढ्या पाण्यात पाच गाड्या ढकलत चढावर नेल्या, सहावीला परत आलो तर कमरेला पाणी. उरलेल्या नऊ तिथंच राहिल्या. शिरोलीला महामार्ग कित्येक दिवस बंद होता, सुटे भाग नाहीत, दूध नाही, काही नाही. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर ते अर्ध्यातच अडकलं, चिखलानं. वाकून आत गेलो. नऊ गाड्या एकावर एक कलंडलेल्या आणि सगळ्यांचा रंग एकच.

इथं एक सांगतो, कुणी विचारलेलं नाही तरी. पाण्यात बुडालेल्या गाडीचा सेल्फ मारू नका, किक मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, ड्रेन बोल्ट सोडा. आमच्या गाड्यांतून जे बाहेर आलं ते ऑइल नव्हतं, दुधाचा चहा होता. स्वस्तातलं ऑइल भरायचं, हातानं इंजिन फिरवायचं, काढायचं, परत भरायचं. तीनदा. कुठल्या गाडीचं झालं, कुठलीचं राहिलं, यात पोरांचा गोंधळ नको म्हणून झालेल्या गाडीच्या ड्रेन बोल्टवर मी पिवळ्या ऑइल पेंटचा ठिपका मारत गेलो. पुढं तीच सवय लागली.

गॅरेजचा विमा नव्हता. नऊपैकी सहा गाड्यांना नुसता थर्ड पार्टी. गिऱ्हाईक म्हणणार, गाडी तुझ्या ताब्यात होती. बरोबरच आहे. 3 लाख 40 हजार खिशातून गेले, म्हणजे खिशात नव्हतेच, बायकोच्या पाटल्या आणि गंठण बँकेत ठेवून आले. एक जण तेवढा थांबायला तयार नव्हता. त्याच्या थंडरबर्डचं, बुलेटच्याच कंपनीची गाडी ती, फक्त ऑइल झालं होतं. "राहू दे, मी बघतो," म्हणून टेम्पोत घालून घेऊन गेला.

आणि तिसऱ्या आठवड्यात आमचा तो पोरगा. सकाळी आला नाही, दुपारी आला नाही. संध्याकाळी बघतो तर गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेली वहीपण नाही. पुरात जी वही मी डोक्यावर धरून बाहेर काढली होती, ती. दोन महिन्यांत हायवेला त्याचं दुकान उभं राहिलं. काचा, टाइल्स, आल्याआल्या कॉफी. बोर्डावर 'टुरिंग रेडी सेकंडहँड बाइक्स'. त्या दिवाळीत कोल्हापूर-सांगलीत पुरातल्या गाड्या भंगाराच्या भावात मिळत होत्या. पुढचं तुम्हीच समजून घ्या. आज हे लिहितानाही माझं डोकं गरम होतंय, म्हणून पाच मिनिटं उठून पाणी पिऊन आलो.

त्या काळात गॅरेज बंद करायचं पक्कं झालं होतं. ते झालं नाही ते सरांमुळं. कागलकडचे गणिताचे सर, त्यांची 1991 ची बुलेट मी उद्यमनगरात असल्यापासून माझ्याकडं. दर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, गाडीला काही झालेलं नसायचं. स्टुलावर बसून पेपर वाचायचे आणि मी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पट्टी, लावला की "किती?" विचारायचे. पुरानंतर आले, 10 हजार रुपये हातावर ठेवले. "पुढच्या सर्व्हिसिंगचा ॲडव्हान्स." बुलेटची सर्व्हिसिंग तेव्हा 800 रुपयांत व्हायची.

म्हणून 2021 च्या मार्चमध्ये सर टेम्पोतून थंडरबर्ड घेऊन आले तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. गुडघा गेला, किक होईना, सेल्फची गाडी पाहिजे होती. रिटायर झाले होते, फिरायचं होतं. 2013 ची थंडरबर्ड 350, 20 लिटरची टाकी, मागं-पुढं डिस्क. 78 हजाराला घेतली. कुठनं घेतली हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नंबर प्लेटखाली हायवेवरच्या त्या दुकानाचं स्टिकर होतंच.

"रागावणार नाहीस ना?" म्हणाले.

"गाडी स्टँडवर लावा सर," एवढंच म्हटलं.

गाडी अशी चकचकीत की तोंड बघावं. टायर काळे कुळकुळीत. ओल्या फडक्यानं पॉलिश पुसलं, तारखेचा कोड बघितला: 1913. म्हणजे 2013 सालचा 19 वा आठवडा. आठ वर्षांचं रबर, वरनं तेल पाजलेलं. हँडल डावी-उजवीकडं फिरवलं तर बरोबर मधे खटका, कोनसेटला, म्हणजे हँडलच्या बेअरिंगला, खड्डे पडलेले. पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. तळाला तांबूस गाळ आणि त्यात पाण्याचे मणी गडगडत होते. ब्रेक ऑइल कॉफीच्या रंगाचं. सेल्फ दाबला की इंजिन फिरायच्या आधी खटॅक आवाज, म्हणजे सेल्फचा जोर इंजिनला देणाऱ्या स्प्रॅग क्लचचं काम आलं. नवीन काय होतं म्हणाल तर बॅटरी.

हेडलाइट उघडला आणि थांबलो. खोबणीच्या तळाला वाळलेला चिखल, रानात पाणी आटल्यावर पडतात तशा भेगा पडलेल्या. टाकी उचलली, फ्रेमवर बोट फिरवलं, बोट राखाडी. कपलर सोडले तर पिना हिरव्या.

मग ऑइल काढायला गाडीखाली आडवा झालो. ड्रेन बोल्टवर मळ होता. फडक्यानं पुसला, त्याखाली पिवळा ठिपका.

मी तसाच फरशीवर पडून राहिलो. सरांना वाटलं मला काही झालं. टेम्पोत घालून नेलेली तीच गाडी, माझ्याच शटरखाली बुडालेली. मी ऑइल भरल्यावर दीड वर्षात तो बोल्ट कुणी सोडलेलासुद्धा नव्हता. पेंट फाटलं नव्हतं.

पुढचे 11 दिवस ती गाडी माझी होती. स्विंग आर्मचा मेन बोल्ट बुशमध्ये गंजून एक झाला होता, डिझेल सोडून रात्रभर ठेवला आणि सकाळी पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) लावून तीन तासांत काढला. लोखंडी हातोडा थेट मारला की बोल्टाचं तोंड फुलतं आणि मग तो जन्मात निघत नाही. शॉकअपच्या एका पायातनं ऑइल आलं, दुसऱ्यातनं राखाडी पाणी. दोन्ही चाकांची बेअरिंग गेली, मागच्या हबचे रबर गेले. कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरी पावडर. पायलट जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक असलेली नळी, तारेनं टोचायचं नाही, भोक मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते. क्लिनर आणि हवा, बस्स. वायरिंग अख्खं बाहेर काढलं, एकेक कपलर धुऊन वाळवून बसवला, सहा बदलले. या इंजिनाला दोन प्लग आहेत, पण दुसऱ्याचा पाना नीट बसत नाही म्हणून बरेच मिस्त्री एकच बदलतात. दुसरा कंपनीतनं आलेला तसाच होता. इंजिन गरम करून, पाव-पाव आटा मागंपुढं करत काढला. तेव्हा माझा श्वास बंद होता. तो हेडमध्ये तुटला असता तर सगळं उतरवावं लागलं असतं.

टायर, चेन सेट, डिस्क पॅड, स्प्रॅग धरून 31 हजार झाले. मजुरी मी लावली नाही. सरांनी लावायला लावली.

सरांना लगेच हंपीला जायचं होतं. मी चावी दिली नाही. पहिले 500 किलोमीटर गावातल्या गावात, रोज घरी येऊन गाडीखाली कागद पसरायचा, डाग पडतो का बघायचं. मग पन्हाळा. मग सामान बांधून गगनबावडा, करूळ घाट उतरून परत चढून यायचा. घाटात सेकंडला इंजिन तापतं, उतारावर ब्रेकची परीक्षा होते, आणि जे सैल आहे ते तिथंच हलतं. घेतल्या घेतल्या लडाखला निघणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो आणि ती हसतात. कागदांचंही तसंच. फॉर्म 29, 30 वर सह्या घेतल्या म्हणजे गाडी नावावर झाली नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र आधी, पैसे नंतर. सरांच्या गाडीवर बोजा होता. तो उतरवायला त्या आधीच्या मालकाच्या दारात मी स्वतः चारदा गेलो. त्यानं मला ओळखलं, चहापण दिला.

सर हंपीला जाऊन आले, पुढच्या वर्षी कन्याकुमारीला. आता दर चार-सहा आठवड्यांनी येतात, स्टुलावर बसतात. या इंजिनात मोजायला गेज लागत नाही म्हणून त्यांना करमत नाही.

त्यानंतर आम्ही ठरवलं, कुणी जुनी गाडी घेऊन आला की आधी उघडून दाखवायची. टाकी, हेडलाइट, मागचं चाक, 600 रुपये. काम आमच्याकडं करा नाहीतर कुठंही करा. हायवेवरचा सांगत फिरतो की मी गिऱ्हाइकाला घाबरवतो. आठवड्याला पाच-सहा गाड्या तरी त्याच कामाच्या येतात, त्यातल्या दोन त्याच्याच दुकानातल्या. 2021 च्या जुलैत परत पूर आला तेव्हा आम्ही उद्यमनगरात परत आलो होतो, मामांच्या गाळ्याच्या समोर. पाटल्या सुटल्या. गंठण मात्र मागच्या वर्षी.

गेल्या पावसाळ्यात त्या हायवेवरच्याचा फोन आला. पाच वर्षांनी. बिडाच्या बुलेटना आता सोन्याचा भाव आहे, त्याच्याकडं एक आली होती आणि क्लच सेंटर निघेना.

"दादा, मामांचा पुलर आहे का हो अजून?"

मी बराच वेळ बोललो नाही. मग गॅरेजमधल्या पोराच्या हातात देऊन पाठवला, फडक्यात गुंडाळून. छिन्नी लावून त्यानं त्या शाफ्टची वाट लावली असती, आणि त्यात बुलेटची काय चूक.

अजून परत आलेला नाही.