तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या माणसालाच मत दिलं ना?

निपाणीला फोन लावला की मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय गं, आपल्या ठाणेदारांनाच मत दिलंस ना?" पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, इथे अमेरिकेत, डेट्रॉइटच्या गणपतीत भेटणारी मंडळीही विचारतात. श्री ठाणेदार चिकोडीत जन्मले, बेळगावात वाढले आणि 2023 च्या जानेवारीपासून ते मिशिगन राज्याच्या तेराव्या मतदारसंघाचे, म्हणजे अमेरिकी संसदेतले, खासदार आहेत. नोव्ही, ट्रॉय भागातली बहुतेक मराठी घरं या मतदारसंघाबाहेर पडतात. मी डेट्रॉइट शहरातच, लाफायेत पार्कमध्ये राहते, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो.

मत कुणाला दिलं ते मी घरातही सांगत नाही. पण ठरवते कशी, ते सांगते.

आधी एक गैरसमज दूर करते. इथे पक्षश्रेष्ठी तिकीट वाटत नाहीत. 1000 वैध सह्या जमवल्या की पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरता येतं आणि पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात. 2024 मध्ये एका मातब्बर इच्छुकाच्या सह्या कमी भरल्या, तर त्याचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये एकट्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून नऊ जण रिंगणात होते. ठाणेदारांना 28 टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि तेवढी पुरली. आमच्याकडे डेमोक्रॅटिक मतांचा जोर इतका आहे की ऑगस्टची प्राथमिक जिंकली त्याने नोव्हेंबरची मुख्य निवडणूकही जिंकली असंच धरतात. त्यामुळे खरा विचार उन्हाळ्यातच करून घ्यावा लागतो.

त्या उन्हाळ्यात माझी सत्तरी ओलांडलेली कृष्णवर्णीय शेजारीण फार अस्वस्थ होती. 1955 पासून डेट्रॉइटचा निदान एक खासदार कृष्णवर्णीय असायचा. बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं हे शहर, आणि ती परंपरा आता तुटणार, हे तिला दिसत होतं. "तुझा माणूस येतोय, तुला आनंद होणारच," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला आनंद झाला होता हेही खरं. पण मी निपाणीची आहे. 1956 मध्ये आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि त्यानंतर सीमाप्रश्न या एका मुद्द्यावर आमच्याकडे कितीतरी निवडणुका लढवल्या गेल्या. आपली भाषा बोलणारा, आपलं दुखणं ठाऊक असणारा माणूस तिथे बसावा असं का वाटतं, हे मी आजोबांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. तिची हळहळ मला परकी वाटलीच नाही. दोघींचा 'आपला माणूस' एकाच जागी बसणार नव्हता, एवढंच.

मग मी तिलाच विचारलं, खासदाराने तुमच्यासाठी नेमकं काय करावं? ती मला खिडकीशी घेऊन गेली. आमच्या वस्तीच्या कडेने आय-375 हा जेमतेम मैलभराचा महामार्ग जातो. आमची घरं उभी आहेत ती जमीन आणि तो रस्ता, दोन्ही जागी पूर्वी ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची गजबजलेली वस्ती होती. तिच्या आजोबांचं शिवणकामाचं दुकान तिथलंच. 1950 च्या दशकात वस्ती पाडायला सुरुवात झाली, 1964 मध्ये रस्ता खुला झाला. तो खोलगट रस्ता बुजवून जमिनीच्या पातळीवर आणायची योजना आहे आणि 2022 मध्ये संघराज्य सरकारने त्यासाठी 10 कोटी डॉलरहून जास्त मंजूर केले. पुढे खर्च वाढत गेला आणि 2025 मध्ये राज्याच्या वाहतूक खात्याने काम थांबवलं.

तेव्हापासून उमेदवाराची 'मतदारसंघासाठी योजना' ऐकताना मी हा रस्ता डोळ्यांसमोर ठेवते. गल्लीतले खड्डे, बसचं वेळापत्रक, पोलिसांची भरती ही कामं शहराची किंवा राज्याची. सभेत त्यांचं आश्वासन देणारा खासदारकीचा उमेदवार मला खटकतो. आपल्याकडच्या खासदाराला वर्षाला 5 कोटींचा निधी असतो. इथे तसा हातात काही नाही. खासदार आपल्या भागातल्या ठरावीक प्रकल्पांसाठी संसदेच्या खर्च ठरवणाऱ्या समितीकडे पैसे मागू शकतो. 2023 च्या आर्थिक वर्षापासून ही मर्यादा 15 प्रकल्पांची झाली. यादी जाहीर करावी लागते आणि त्यात स्वतःचा आर्थिक फायदा नाही असं लिहूनही द्यावं लागतं. ती यादी मी दरवर्षी वाचते. कुठली पाण्याची लाइन, कुठलं आरोग्य केंद्र, कुठल्या गावाचं नाव एकदाही आलं नाही, हे सगळं त्यात दिसतं.

दुसरं काम कुणी भाषणात सांगत नाही, पण ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. शेजारणीच्या नवऱ्याचं माजी सैनिकाचं पेन्शन कागदांत अडकलं होतं. तेव्हा खासदाराच्या, ठाणेदारांच्या आधीच्या, कार्यालयातली एक मुलगी तीन महिने त्यामागे लागली आणि ते सुटलं. म्हणून इच्छुक कुणीही असो, मराठी असो वा नसो, मी हात वर करून विचारते: कार्यालय कुठे उघडणार, तिथे माणसं किती, फोन कोण उचलणार? काहीजण गोंधळतात. काहीजण नीट सांगतात, त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवते.

परवाच्या फोनवर मावशीने ठाणेदारांचं नाव काढलं नाही. तिने विचारलं, "त्या म्हातारीच्या आजोबांच्या दुकानावरचा रस्ता बुजवला का गं?" नाही, अजून नाही, मी म्हणाले.