पाडायचीच आहे, मग दुरुस्ती कशाला?

संरचनात्मक तपासणीच्या अहवालात 'नुकसानीचे संभाव्य कारण' असा एक रकाना असतो. त्यात आम्ही अभियंते बहुधा ठरलेलेच शब्द भरतो: गळती, सळयांना लागलेला गंज, काँक्रीटचे कार्बनीकरण, अपुरे आच्छादन, इमारतीचे वय. गेल्या दिवाळीनंतर नाशिकमधल्या एका विद्यापीठाच्या परिसरातील मुलींच्या जुन्या वसतिगृहाची तपासणी मी केली, तेव्हा यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द खरा ठरत होता आणि तरीही रकाना भरल्याचे समाधान काही होईना. अहवाल देऊन बरेच दिवस लोटले, पण प्रकरण डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे. विद्यापीठाचे नाव देण्याचे कारण नाही. ज्या परिसरात पुनर्विकासाचा आराखडा भिंतीवर लटकून आहे, तिथे थोड्याफार फरकाने हेच चालू असते.

ही इमारत मला नवी नव्हती. २०१८ मध्ये तिची पहिली तपासणीही माझ्याकडेच होती. सत्तरच्या दशकातले तीन मजली आरसीसी बांधकाम, टॉरच्या पिळाच्या सळया, गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि पावसाळी पाण्यासाठी बिडाचे पाइप. त्या वेळी मी लिहिले होते की दोन सज्जे दुरुस्त करावेत, कोब्याच्या फटी भराव्यात, पाइपांची तोंडे दर पावसाळ्याआधी साफ करावीत आणि एवढे केल्यास इमारत आणखी पंधरा वर्षे तरी निर्धास्त वापरता येईल. त्यानंतर काही महिन्यांतच परिसराच्या पुनर्विकासाचा आराखडा जाहीर झाला. सादरीकरणात सुंदर रंगीत चित्रे होती, आणि अशा चित्रांत नेहमी असतात तशी कोणत्याही ऋतूत न सुकणारी हिरवळही होती. माझे वसतिगृह त्या चित्रांत कुठेच नव्हते. त्याच्या जागी खुला रंगमंच दाखवला होता.

आराखडा का रखडला हे शोधायला गेले तर एक कोणी दोषी सापडत नाही, आणि याचाच मला अधिक त्रास होतो. पहिले नकाशे नाशिकसाठी २०१७ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे काढले होते. मग टाळेबंदी आली आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत नियमावली लागू झाल्यावर सामासिक अंतरे, वाहनतळ, उंची यांची गणिते पुन्हा मांडावी लागली. नव्या वसतिगृहासाठी निवडलेल्या जागेचा एक कोपरा नाल्याच्या बाजूने निळ्या पूररेषेत निघाला. गोदाकाठच्या शहरात राहून पूररेषा सर्वांत शेवटी तपासणारे वास्तुविशारद मी कमी पाहिलेले नाहीत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिच्या आत नवी इमारत उभी करता येत नाही, म्हणून जागा सरकवली. सरकवलेल्या जागेवर चिंचा आणि एक वड निघाला. झाडांच्या जतनाच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाड वारसा वृक्ष ठरते आणि ते तोडायचे तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात, त्यामुळे आता नकाशा झाडांना वळसा घालू लागला. मध्येच कुलगुरूंची पाच वर्षांची मुदत संपली आणि नव्या कुलगुरूंना वसतिगृहाआधी प्रयोगशाळांची इमारत हवी होती, जे त्यांच्या जागी बसून पाहिले तर गैर म्हणता येणार नाही. सरकारी कामांच्या कंत्राटांवरचा वस्तू व सेवा कर २०२२ मध्ये १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला आणि अंदाजपत्रक पुन्हा इमारत समितीपुढे ठेवावे लागले. बांधकाम परवानगी मिळाली तेव्हा निधीचा हप्ता आलेला नव्हता. ही परवानगी एका वर्षाची असते आणि मुदतवाढ मिळत गेली तरी ती एकूण चार वर्षांपलीकडे जात नाही.

सर्वांवर कडी केली ती पर्यावरण मंजुरीने. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पूर्वमंजुरी लागते. शाळा, महाविद्यालये आणि त्यांची वसतिगृहे यांना २०१४ मध्ये त्यातून सूट मिळाली होती आणि सगळा आराखडा त्या सुटीवर उभा होता. मार्च २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने ती नव्या अधिसूचनेने पुन्हा दिली, फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि ऑगस्टमध्ये शैक्षणिक इमारतींची सूट टिकणार नाही असा निकाल दिला. निकाल मला पटतो. वीस हजार चौरस मीटरचे काँक्रीट महाविद्यालयाचे आहे म्हणून हवापाण्याला कमी जड होत नाही. पण त्या दीड वर्षात नेमका कोणता अर्ज कोणाकडे करायचा हे विद्यापीठातल्या कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. त्यातच शहरात २०२७ च्या सिंहस्थाची कामे सुरू झाली. सरकारी दरसूचीच्या दराने महाविद्यालयाचे काम घेण्यापेक्षा घाट, रस्ते आणि मलजलाची मोठी कामे सोडून कोणता ठेकेदार येईल? प्रयोगशाळांच्या निविदेला पुरेसा प्रतिसाद आला नाही आणि सेंटरिंगचे सुतार तर दुप्पट हजेरी देऊनही मिळत नाहीत.

हे सगळे चालू असताना जुन्या इमारतीचे काय झाले, ते बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. आराखडा मंजूर होताच वसतिगृहाचे नाव निर्लेखनाच्या प्रस्तावात गेले. निर्लेखन म्हणजे मालमत्ता नोंदवहीतून कमी करणे. प्रस्ताव मंजूर झाला नाही, पण फेटाळलाही गेला नाही, आणि त्या अधांतरी अवस्थेत लेखा शाखेने इमारतीच्या दुरुस्तीचे एकही बिल मंजूर केले नाही. पाडायच्या इमारतीवर खर्च केल्यास लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि आक्षेप खरोखरच निघतो. दीडशे मुली ज्या इमारतीत झोपत होत्या, ती कागदावर अर्धी पाडून झाली होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवरून सुरुवात केली. बरोबर प्रयोगशाळेची दोन मुले होती आणि विद्यापीठाच्या देखभाल विभागातले एक जुने प्लंबर, ज्यांना सगळे मामा म्हणतात. पश्चिमेच्या टोकाला कठड्यालगत पिंपळ माझ्या खांद्याइतका वाढला होता आणि त्याची मुळे थेट पावसाळी पाइपाच्या तोंडात उतरली होती. "ताई, पाइपचं तोंड इथंच खाली आहे," मामा म्हणाले. "दर मे महिन्यात मी इथनं गोणभर कचरा काढायचो. मग वरून सांगितलं, आता इमारत पाडायचीच आहे, माणसं कशाला अडकवायची." त्या कोपऱ्यात कोब्यावर हातोडी मारली की आवाज बद्द येत होता आणि दहा पावले पूर्वेला तोच आवाज खणखणीत होत होता.

खाली तिसऱ्या मजल्याच्या पश्चिम टोकाला न्हाणीघरे आणि त्यांच्यापुढचा व्हरांडा आहे. तिथल्या स्लॅबच्या पोटाला ओलीचे नकाशे उमटले होते आणि सळयांच्या रेषेत तपकिरी डाग उतरले होते. मुलींनी मला मात्र खोल्यांतल्या प्लास्टरच्या केसासारख्या भेगा मोठ्या काळजीने दाखवल्या, ज्यांना काहीच अर्थ नव्हता. धोका ज्या व्हरांड्यात होता, तिथे त्यांनी कपडे वाळत घातले होते. लोकांना भेग दिसते, ओल दिसत नाही.

आता जो भाग मला महत्त्वाचा वाटतो, तो जरा सविस्तर सांगते. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्या अल्कामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरतो, अल्क मरत जातो. तो कुठवर मेला हे पाहण्यासाठी काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थेलिन हे रसायन शिंपडतात: जिवंत भाग क्षणात गुलाबी होतो, मेलेला राखाडीच राहतो. २०१८ मध्ये स्लॅबमध्ये राखाडी पट्टी सुमारे १८ मिलिमीटर होती आणि सळईवरचे काँक्रीटचे आच्छादन १५, म्हणजे सळयांचे रासायनिक संरक्षण तेव्हाच संपलेले होते. तरीही त्या धड होत्या, कारण काँक्रीट कोरडे होते आणि पाण्याशिवाय गंज धरत नाही. कार्बनीकरणाची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे चाळीसहून अधिक वर्षांच्या काँक्रीटमध्ये पुढच्या सात वर्षांत ती जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर वाढायला हवी. यंदा पूर्वेकडच्या खोलीत शिंपडले, पट्टी १९ भरली. काँक्रीट अगदी नियमाप्रमाणे म्हातारे झाले होते.

पश्चिमेच्या व्हरांड्यात मात्र हाफ-सेलचे, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज देणाऱ्या चाचणीचे, वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली जात होते, आणि त्या पातळीला गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरतात. कार्बनीकरण झालेल्या ओल्या काँक्रीटमध्ये नुसत्या या आकड्यावर मी विसंबत नाही, म्हणून आच्छादन फोडायला लावले. छिन्नीचा दुसराच घाव बसला आणि परातीएवढा पोपडा आपणहून सुटून खाली आला. सळई तारेच्या ब्रशने स्वच्छ घासून व्हर्नियर लावला: मूळची १० मिलिमीटरची सळई ८ भरली. ऐकताना हे दोनच मिलिमीटर वाटतात, पण छेदाचे क्षेत्रफळ छत्तीस टक्क्यांनी घटलेले असते. मी लगेच व्हरांड्यातले कपडे काढायला सांगितले आणि दोर बांधून तो भाग बंद केला. दुपारी खांबांच्या अल्ट्रासॉनिक चाचण्या घेतल्या. काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर, म्हणजे 'चांगले' या वर्गात. मूळ बांधकाम करणाऱ्यांनी काम इमानदारीने केले होते, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे.

एकाच वयाच्या, एकाच मिश्रणाच्या इमारतीचे एक टोक गंजले आणि दुसरे धड राहिले, तर कारण वय असू शकत नाही. कारण तुंबलेला पाइप आहे, पाइप तुंबला कारण तो साफ करायचे थांबवले, आणि थांबवले ते इमारत लवकरच पाडली जाणार या गृहीतकावर. मी कारणाच्या रकान्यात गळती आणि गंज लिहून पुढे एक वाक्य जोडले: 'पुनर्विकासाच्या अपेक्षेने २०१८ नंतर नियमित देखभाल बंद ठेवल्याचा हा परिणाम असून, इमारतीचे वय हे प्रमुख कारण नाही.'

सायंकाळच्या बैठकीत हे वाक्य कोणालाच आवडले नाही. महाराष्ट्रात धोकादायक इमारतींचे वर्ग ठरलेले आहेत: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-२ब म्हणजे वापर चालू ठेवून दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अभियांत्रिकी विभागाला सी-१ हवा होता. त्या एका अक्षराने निर्लेखनही मार्गी लागले असते आणि आराखड्यालाही गती आली असती. "मॅडम, तुम्हीही जाणता, ती शेवटी जाणारच आहे," असे मला सांगण्यात आले. रेक्टर बाईंना सी-२ब हवा होता, कारण दीडशे मुलींना ऐन परीक्षेच्या तोंडावर त्या कुठे नेणार? दोघेही चुकीच्या हेतूने बोलत नव्हते, पण दोघांनाही माझ्या सळईच्या मापाशी देणेघेणे नव्हते. आमच्या व्यवसायात खालूनच इमारतीकडे मान वर करून सी-१ लिहून देणारे महाभाग आहेत, ही गोष्ट बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक होती, आणि माझ्यावर जो दबाव होता तो मुख्यतः त्या पर्यायाच्या अस्तित्वाचा होता.

सुटका केली ती जुन्या नकाशाने. इमारत पंचेचाळीस मीटरपेक्षा लांब असल्यामुळे तिच्या मधोमध प्रसरण सांधा ठेवलेला आहे, म्हणजे खांबांपासून स्लॅबपर्यंत ती एकमेकींना न चिकटलेल्या दोन स्वतंत्र इमारतींची बनलेली आहे. मी पश्चिम भागाला सी-२अ आणि पूर्व भागाला सी-२ब दिला, पश्चिमेकडचे मजले रिकामे करून व्हरांड्याखाली लोखंडी टेकू लावायला सांगितले आणि पिंपळ मुळासकट काढून पाइप मोकळे करण्याची शिफारस पहिल्या क्रमांकावर ठेवली. तरीही एक प्रश्न मला सुटलेला नाही. आठ मिलिमीटरच्या सळया बदलून, सूक्ष्म काँक्रीट भरून पश्चिम भाग नीट करायचा तर बराच पैसा लागेल. उद्या खरोखरच परवानगी आली आणि दोन वर्षांत इमारत पाडली, तर तो वाया गेला असेच म्हटले जाईल. न आली तर? संरचना अभियंत्याला भारांचे गणित करता येते. मंजुरी कधी येईल, हे धरून चालायचे गणित आमच्या कोणत्याही मानकात नाही.

पश्चिमेच्या मुली आता पूर्व भागात आणि अतिथिगृहात दाटीवाटीने राहत आहेत. माझे ते वाक्य अहवालातून वगळावे असे पत्र आले होते, त्याला मी चाचण्यांचे आकडे जोडून नकार कळवला. टेकू लागले आहेत. मात्र त्यांच्या पहिल्या महिन्याच्या भाड्याचे बिल लेखा शाखेने परत पाठवले असून, निर्लेखनासाठी प्रस्तावित इमारतीवरचा हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, याबाबत माझे अभिप्राय मागवले आहेत.