ब्रूक्स धबधब्यावरचा नखरेल नर

आमचं छोटं विमान नाकनेक तलावाच्या पाण्यावर टेकलं आणि उतरल्या उतरल्या शाळा भरली. अलास्कातल्या कटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रूक्स कँपला येणाऱ्या प्रत्येकाला आधी अस्वलांच्या राज्यात वागायचं कसं, हे ऐकून घ्यावंच लागतं. खिशात खाऊ नको, बाहेर फक्त साधं पाणी, अस्वलापासून निदान ४५ मीटर लांब. मी उत्साहानं विचारलं, "ग्रिझली सकाळी दिसतात की संध्याकाळी?" रेंजरबाई हसल्या. ग्रिझली म्हणजे किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागात राहणारी. इथल्यांना ब्राउन बेअर म्हणायचं. प्रजाती एकच, फरक जेवणाचा.

तो काय, ते धबधब्याशेजारच्या लाकडी मचाणावर कळलं. धबधबा कसला, जेमतेम दोन मीटरची पायरी! पण जुलैत सॉकआय सामन मासे ती चढायला उड्या मारत होते आणि वरच्या कडेवर एक थोराड नर मान खाली घालून उभा होता. पाच मासे हुकले, गडी हलला नाही. सहावा थेट जबड्यात. पंजाखाली दाबून त्यानं केळं सोलावं तशी कातडी ओढून खाल्ली, डोकं फोडलं, गाभोळी चाटूनपुसून संपवली आणि उरलेलं लालभडक मांस दिलं सोडून प्रवाहात. सीगल तुटून पडले. सुगीत असा नखरा परवडतो.

शेलिकॉफ सामुद्रधुनीपलीकडे कोडियाक बेटं. तिथली अस्वलं सुमारे १२,००० वर्षं वेगळी पडलेली, म्हणून त्यांची उपप्रजाती स्वतंत्र. पण इथले नरही शरदात ४५० किलोंच्या पुढे जातात. उलट गोबी वाळवंटातलं माझालाई नावाचं ब्राउन बेअर कंदमुळांवर दिवस काढतं आणि अंगानं किरकोळच राहतं. मेरियम नावाच्या शास्त्रज्ञानं तर १९१८ साली कवट्यांवरून एकट्या उत्तर अमेरिकेत ऐंशीहून जास्त प्रकार पाडले होते! आज ती सगळी एकाच प्रजातीत मोडतात. मला विचाराल तर कवटीपेक्षा ताट बघावं.

परतताना वाटेवरच एक मादी आडवी झालेली. पिल्लू तिच्या खांद्यावरच्या वशिंडावर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. जमीन उकरणाऱ्या स्नायूंचा तो उंचवटा त्याला घसरगुंडीसारखाच. आम्ही चाळीस मिनिटं खोळंबलो. विमान चुकेल म्हणून कुरकुरणारा एकच होता. पिल्लू उठून गेल्यावर "अजून थोडं थांबूया ना" म्हणणाराही तोच. म्हणजे मी.